आपत्ती व्यवस्थापन गरजेचं नाही

७ जुलै, सोमवार
प्राचार्यांनी केबिनमध्ये बोलावलं. शेवटच्या वर्षाच्या मेकॅनिकलच्या अठरा विद्यार्थ्यांचा शैक्षणिक सल्लागार म्हणून माझी नेमणूक. कोणते विषय घ्यायचे, क्रेडिट कसे भरायचे, पदवीला काय काय लागतं, हे पोरांना सांगायचं. प्राचार्य म्हणाले, महिपती सर, बाकी सगळ्यांच्या मागे काही ना काही काम आहे, तुम्हीच तेवढे मोकळे दिसता. म्हणजे या कामासाठी मला इतकी वर्षं राखून ठेवलं होतं.
घरी बायकोला सांगितलं. अपेक्षा धाटावच्या केमिकल कंपनीत लॅबमध्ये आहे, तिला प्रत्येक गोष्टीचा रिपोर्ट लागतो. नियम माहीत आहेत का, म्हणाली. म्हटलं, अठरा वर्षं शिकवतोय. म्हणाली, ते नाही विचारलं.

८ जुलै
विद्यापीठाची नियमावली प्रिंट काढली. एकशे बारा पानं. पेणच्या स्टँडसमोर स्पायरल बाइंडिंग करून घेतलं, निळं कव्हर. हातात धरल्यावर वजन जाणवतं.
संकल्प: रोज दहा पानं. बारा दिवसांत काम फत्ते.
आज वाचलेलं: अनुक्रमणिका, कुलगुरूंचं मनोगत. चांगलं लिहिलंय.

११ जुलै
पान ६. घरून पेणला कॉलेजला येताना एसटीत वाचणार होतो. रोहा ते नागोठणे ठीक, पुढे हायवेचं काम. अक्षरं हलतात. वडखळला गाडी चाळीस मिनिटं उभी होती तेव्हा वाचता आलं असतं, पण झोप लागली.
मात्र सार हाती आलं. पदवीला एकूण १६० क्रेडिट. बाकीची १०६ पानं म्हणजे त्याचाच विस्तार असणार.

१४ जुलै, सोमवार
पहिली मीटिंग. पन्नास मिनिटं बोललो. फळ्यावर १६० लिहून भोवती चौकोन काढला. सांगितलं, बाइकची टाकी भरली की भरली, पेट्रोल कुठल्या पंपाचं ते कोणी विचारत नाही. पोरं शांत होती. सगळ्यांना समजलं.
एकच शंका. दिशा नावाची मुलगी आहे, पहिल्या बाकावर बसते. तिने विचारलं की सर, प्रत्येक प्रकारात वेगवेगळे किमान क्रेडिट लागतात का? मी म्हटलं, पदवी ही अखंड गोष्ट आहे. तिने वहीत काहीतरी लिहून घेतलं.
दर मंगळवारी ३ ते ४ सल्ल्याची वेळ जाहीर केली. दारावर कागद चिकटवला.

१५ जुलै, मंगळवार
कोणी आलं नाही. कालचं भाषण जरा जास्तच स्पष्ट झालं.

२२ जुलै, मंगळवार
कोणी नाही. परीक्षा विभागाच्या खिडकीपाशी मात्र माझ्या वर्गाची रांग. आत हिरामण बसतो, बावीस वर्षं तोच क्लार्क. काय एवढं काम असतं कळत नाही. कारभार ढिला असला की रांगा लागतात. प्राचार्यांच्या कानावर घालावं म्हणतो.

२९ जुलै, मंगळवार
कोणी नाही. खुर्चीची उशी बदलून घेतली. रांगेत दिशा आणि सुरभी. दिशाच्या हातात नियमावली होती. माझं बघून प्रिंट काढली असणार. मुलं अनुकरण करतात.

५ ऑगस्ट, मंगळवार
आला! एक विद्यार्थी आला. जितेश.
धरमतरकडचा मुलगा. वडील मिठागरावर. डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला आलेला. शनिवार-रविवार डोलवीला कंपनीत ठेकेदाराकडे शिफ्ट करतो. पायात कंपनीचे सेफ्टी शूज, कॉलेजलाही तेच. दारात उभा राहून आत येऊ का विचारलं. म्हटलं, ये, बस, वेळच वेळ आहे.
त्याची अडचण अशी. या सेमिस्टरला शनिवारी एक ओपन इलेक्टिव्ह आहे, म्हणजे दुसऱ्या शाखेचा विषय, 'आपत्ती व्यवस्थापन'. तीन क्रेडिट. घ्यायचा तर शनिवारची शिफ्ट जाते. शिफ्ट सोडली तर ठेकेदार दुसरा माणूस घेईल. आणि कंपनीचे एक साहेब त्याचं काम बघतायत, पास झालास की ट्रेनी इंजिनियरसाठी नाव देतो म्हणालेत.
मी त्याचे क्रेडिट मांडले. सहा महिन्यांच्या इंटर्नशिपचे जादा क्रेडिट त्याला मिळालेत. बेरीज वर्षाअखेर १६३ होते. हा विषय न घेता. दोनदा बेरीज केली, कॅल्क्युलेटरवर.
म्हटलं, शिफ्ट कर.
तो म्हणाला, नक्की ना सर? मग मी लेटरहेडवर लिहूनच दिलं: 'सदर विद्यार्थ्यास आपत्ती व्यवस्थापन हा विषय घेण्याची गरज नाही.' सही, शिक्का. त्याने कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून शर्टाच्या आत ठेवला. बाहेर पाऊस होता.
फार समाधानाचा दिवस. एका मुलाचं आयुष्य मार्गी लागलं.

७ ऑगस्ट
हिरामण दोनदा केबिनपाशी आला. हातात नियमावली, मध्ये बोट घातलेलं. म्हणाला, सर, एक पान दाखवायचं होतं, त्या जितेशच्या फॉर्मबद्दल. मी नॅकच्या तपासणीच्या फाइलींत होतो. म्हटलं, नंतर. संध्याकाळी परत आला तेव्हा माझी एसटी सुटायची वेळ झाली होती.
क्लार्क लोकांना नियम दाखवायची हौस असते.

२३ ऑगस्ट, शनिवार
पीएचडीच्या कामासाठी लायब्ररीत गेलो. पेणमध्ये शिरायलाच पाऊण तास लागला, गणपतींचे टेम्पो. लायब्ररी बारालाच बंद झालेली. पीएचडीचं तिसरं प्रकरण आता गणपतीनंतर.
जाता जाता खोली क्रमांक २०४ मध्ये डोकावलो. आपत्ती व्यवस्थापनाचा तास चालू. माझ्या अठरापैकी सतरा मुलं तिथे!
दिशाला बाहेर बोलावून विचारलं की हा विषय तर मी गरजेचा नाही म्हणून सांगितलंय. तिने जरा सुरभीकडे बघितलं आणि म्हणाली, आवड म्हणून बसतो सर.
सतरा मुलांना आवड. शनिवारी, सुट्टी सोडून. मी वर्गात ज्ञानासाठी ज्ञान या विषयावर चार वाक्यं बोललो होतो, त्याचा हा परिणाम.

८ सप्टेंबर
गणपती झाले. नियमावली पान ११. सणात वाचन होत नाही.

१९ ऑक्टोबर, रविवार
दिवाळीची सफाई. अपेक्षाला कपाटावर नियमावली सापडली. विचारलं, किती झाली? १४ म्हटलं. टक्के का, म्हणाली. मी फटाक्यांचा विषय काढला.

१६ डिसेंबर, मंगळवार
जितेश आला. डोलवीचं पत्र मिळालं. ट्रेनी इंजिनियर, कायम होण्याची संधी. अट एकच: १५ जुलैपर्यंत पदवी पूर्ण. पत्र दोन्ही हातांनी माझ्यासमोर धरलं. त्यावर चहा सांडू नये म्हणून मी माझा कप बाजूला केला.
हा मुलगा दर मंगळवारी येतो. दुसरं कोणी येत नाही हे खरं, पण सल्ला घेणाऱ्यांची संख्या महत्त्वाची नसते.

१२ जानेवारी, सोमवार
जितेशचे वडील आले होते, पुंडलिक. पांढरा सदरा, पायांना मिठागरातल्या भेगा. खुर्चीवर बसेनात. म्हटलं, बसा हो. मग खुर्चीच्या काठावर टेकले. खाडीकडच्या बोलीत सांगत होते की गावात सगळ्यांना सांगितलंय, पोराला सरांनी स्वतः लिहून दिलं, नायतर शनिवार गेला असता आणि कंपनी पण गेली असती. येताना घरचं मीठ आणलं होतं, कापडी पिशवीत पाच किलो.
निघताना म्हणाले, "आमाला त्यातला काय कलत नाय. तुमी हाव म्हणून निवांत हाव."
रात्री जेवताना अपेक्षाला सांगितलं. तिने ऐकून घेतलं. मग विचारलं, त्या मुलाचं तुम्ही एकदा कोणाकडून तपासून घेतलंत का? मी म्हटलं, कोणाकडून घेऊ, सल्लागार मीच आहे.

३ मार्च
संकल्प: एका परिषदेसाठी निबंध पाठवायचा. 'ग्रामीण अभियांत्रिकी महाविद्यालयातील विद्यार्थी-सल्ला: एक यशस्वी प्रारूप'. शीर्षक तयार. सारांशाची पहिली ओळ तयार. बाकी उन्हाळ्यात.

२१ एप्रिल, मंगळवार
परीक्षा विभागाने पदवी-पात्रतेची यादी बोर्डावर लावली. सतरा पात्र. एक अपात्र. जितेश पुंडलिक.
हिरामणची चूक. १६३ क्रेडिट असलेला मुलगा अपात्र आणि १६० वाला पात्र, हे कुठलं गणित? उद्या प्राचार्यांसमोरच सोक्षमोक्ष लावतो. नाहीतरी त्या खिडकीबद्दल बोलायचंच होतं.

२२ एप्रिल
प्राचार्यांसमोर सोक्षमोक्ष लागला.
मी माझा तक्ता ठेवला. दहा मिनिटं बोललो. परीक्षा विभागाने विद्यार्थ्यांच्या भविष्याशी खेळू नये, असंही म्हणालो. माझं संपल्यावर हिरामणने नियमावली उघडून टेबलावर ठेवली. पान ६१. एक तक्ता. मुख्य विषय इतके, प्रयोगशाळा इतके, इंटर्नशिप इतके, ओपन इलेक्टिव्ह किमान नऊ. प्रत्येक रकाना वेगळा भरला पाहिजे. एका रकान्यातलं जास्तीचं दुसऱ्यात चालत नाही. जितेशचे ओपन इलेक्टिव्हमध्ये सहा.
प्राचार्यांनी विचारलं, सर, हे पान तुम्ही बघितलं नव्हतं? माझ्या बॅगेत माझी प्रत होती. काढून ६१ उघडलं. पानं एकमेकांना चिकटलेली होती, नवीन पुस्तकाची असतात तशी.
मग फॉर्मला जोडलेलं माझं पत्र निघालं. शिक्का छान उमटला होता.
हिरामणने हळू आवाजात सांगितलं की ऑगस्टमध्ये तो मला दाखवायला आला होता. जितेशलाही बोलला होता. पण सरांची सही असताना क्लार्कने किती बोलायचं?

२३ एप्रिल
कारणं नीट मांडून ठेवतो.
एक, तक्त्याचा टाइप बारीक आहे. दोन, तो पान ६१ वर आहे. इतकी महत्त्वाची गोष्ट पहिल्या दहा पानांत पाहिजे होती. तीन, हायवेचं काम. चार, विद्यार्थ्यानेही वाचायला हवं होतं.
चौथं खोडलं.

२७ एप्रिल
सतरा मुलांचं कसं बरोबर आलं हे सुरभीला विचारलं. म्हणाली, आम्ही सगळे हिरामणभाऊंकडून तपासून घेत होतो सर. वर्गाचा ग्रुप आहे, त्यात दिशाने पान ६१ चा फोटो टाकला होता, जुलैमध्येच. जितेशने बघितला नाही का, म्हटलं. म्हणाली, बघितला ना. त्याने खाली तुमचं पत्र टाकलं.
म्हणजे आवड वगैरे काही नव्हती.

४ मे
निर्णय: हे प्रकरण मी स्वतः सोडवणार. विद्यापीठाला विशेष बाब म्हणून अर्ज. चार पानी मसुदा लिहिला. सुरुवात अभियांत्रिकी शिक्षणाच्या इतिहासापासून. प्राचार्यांनी तीन पानं काढून टाकली. उरलेल्यात 'सल्लागाराच्या चुकीमुळे' हे शब्द हिरामणने टाइप केले. मी 'अनवधानामुळे' सुचवलं. तो म्हणाला, सर, अनवधान म्हटलं तर ते कोणाचं ते विचारतील, आणि त्यात पंधरा दिवस जातील. चूक म्हटलं तर एका फेरीत काम होईल.
सही केली. दोनदा गिरवावी लागली. पेन खराब आहे.

५ मे
उन्हाळी परीक्षेत विषय देता येईल का ते बघितलं. येत नाही. आपत्ती व्यवस्थापन फक्त जुलै ते नोव्हेंबर चालतं.
विषय मीच उन्हाळ्यात शिकवतो म्हटलं, मोफत, रोज. प्राचार्य म्हणाले, तुम्ही नका काही करू सर.

१८ मे
विद्यापीठात गेलो. हिरामण बरोबर. मी सांगणार होतो, पण कोणत्या खिडकीला जायचं ते त्याला माहीत होतं. तीन टेबलं, दोन मजले. सगळीकडे लोक त्याला ओळखतात. मला एका टेबलावर पालक समजले.
परत येताना त्याने रामवाडीला उतरून मला चहा पाजला. मी ऑगस्टचं काढणार होतो. तोच म्हणाला, झालं ते झालं सर, पोराचं बघू.

९ जून
विद्यापीठाचं उत्तर. एक ओळ. नियमात तरतूद नसल्याने विनंती मान्य करता येत नाही.
ती ओळ मी चार वेळा वाचली. या वर्षात मी चार वेळा वाचलेली ही एकमेव गोष्ट.

११ जून
कंपनीच्या साहेबांना फोन केला. मी सल्लागार बोलतोय म्हटलं. म्हणाले, मुलगा चांगला आहे, पण १५ जुलै म्हणजे १५ जुलै, यादी वरून येते. पुढच्या वर्षी अर्ज करू दे. तोवर ठेकेदाराकडे काम चालू राहील, त्यात शंका नाही.
जितेशला मी अजून भेटलेलो नाही. यादी लागल्यापासून तो मंगळवारी आला नाही. मीही मंगळवारी केबिनमध्ये बसलो नाही. परीक्षेची कामं होती.
संकल्प: रविवारी त्याच्या घरी जायचं. पुंडलिकांना समोर बसून सांगायचं.

१४ जून, रविवार
जायच्या आधी तोच आला. आमच्या घरी, रोह्याजवळ वरशाला. शिफ्ट संपवून बाइकवरून थेट. पाऊस सुरू झालाय, सगळा भिजलेला. अपेक्षाने टॉवेल दिला. तो दारातच बूट काढत होता आणि मी काय बोलायचं ते मनात मांडत होतो. मुद्दे पाठ होते. टाइप बारीक, तक्ता मागे, नियम दरवर्षी बदलतात. एकही बोलता आला नाही.
त्याने विद्यापीठाचं उत्तर हिरामणकडून ऐकलं होतं. पुन्हा रजिस्ट्रेशनसाठी सल्लागाराची सही लागते, म्हणून फॉर्म घेऊन आला होता. बस्स, तेवढंच काम.
मी सही केली. मग न राहवून विचारलं की हिरामण बोलला, दिशाने फोटो टाकला, सतरा जण त्या वर्गात बसले, तरी तू विषय का घेतला नाहीस?
त्याने टॉवेलची घडी केली. रागावलेला नव्हता. खरंच विचार करून सांगत होता.
"तुमी सही करून दिलेलं सर. मला वाटलं, सर वाचूनच सही करतात."
अपेक्षा स्वयंपाकघराच्या दारात चहा घेऊन उभी होती. तिने ऐकलं. त्याला चहा दिला, मला दिला, आणि आत गेली.
पुंडलिकांना काय सांगितलंस, हे जितेशला निघताना विचारलं. म्हणाला, विद्यापीठाचा नियम बदलला म्हणून सांगितलंय. तुमचं नाव नाय काढलं.

१५ जून
रजा टाकली. पान १५ ते ४०.

१६ जून
पान ४१ ते ७०. ६१ वर बराच वेळ गेला. टाइप बारीक नाही.

१९ जून
पान ११२. संपली. शेवटच्या पानावर शंकानिरसनासाठी परीक्षा विभागाशी संपर्क साधावा असं लिहिलंय.

२१ जून, रविवार
धरमतरला गेलो. पुंडलिक मिठागरावर नव्हते, पावसात काम बंद असतं. घरी जाळं विणत बसले होते. नियम बदलला नव्हता, मी वाचला नव्हता, हे सांगितलं. दोनदा सांगावं लागलं. पहिल्यांदा त्यांना वाटलं मी विद्यापीठाबद्दल बोलतोय.
दुसऱ्यांदा समजलं. त्यांचे हात थांबले. मग जाळ्याकडे बघत म्हणाले, "वाचायला किती दिस लागतात?"
पाच, म्हटलं.
व्हय, म्हणाले. पुन्हा विणायला लागले. चहा झाला. जा म्हणाले नाहीत, बसा पण म्हणाले नाहीत.

१ जुलै
नवीन परिपत्रक. शैक्षणिक सल्ल्याचं काम यंदापासून परीक्षा विभागाकडे. माझ्याकडे बागेची समिती. दारावरचा मंगळवारचा कागद शिपायाने काढला, चिकटपट्टीचे चार डाग राहिले.

६ जुलै, सोमवार
दुपारी तीनच्या सुमारास जितेश केबिनच्या दारात. आत येऊ का विचारलं. आपत्ती व्यवस्थापनाचा फॉर्म भरला आहे. पण यंदा शनिवारी त्याच वेळेला आणखी एक ओपन इलेक्टिव्ह ठेवलंय, शुक्रवारी संध्याकाळी तिसरं. शुक्रवारचं घेतलं तर शिफ्ट वाचते. कोणतं घेऊ, चालेल का, असं विचारत होता.
मला उत्तर माहीत होतं. पान ६१, तळटीप दोन. तीनपैकी कोणतंही चालतं. ओठांवर आलं होतं.
म्हटलं, "मला खात्री नाही. चल, हिरामणला विचारू."
खिडकीवर रांग होती. पुढे बारा-तेरा जण, सगळी नवीन मुलं. आम्ही मागे उभे राहिलो. पाऊण तासाने नंबर आला. हिरामणने पान उघडलं, बोट ठेवून तळटीप मोठ्याने वाचली. शुक्रवारचं चालेल, म्हणाला.
जितेशने ते फॉर्मच्या मागे लिहून घेतलं. मीही लिहून घेतलं.